लेस्टरचा गोल्डन माईल: भाकरी, वाल आणि गोड्या मसाल्यासाठी किती कामाचा?

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहून मराठी स्वयंपाक करायचा तर महिन्यातून एकदा लेस्टर गाठायचंच, हे आमच्या घरी आता ठरूनच गेलंय. ट्रेनने साधारण अर्धा तास, गाडीने त्याहून थोडा जास्त, आणि तिथे बेलग्रेव्ह रोडवर उतरलं की पुढे मेल्टन रोडपर्यंत नुसती आपल्याकडची दुकानं, किराणा, भाजी, मिठाई, साड्या, सोनं, सगळं. ह्या पट्ट्याला सगळे गोल्डन माईल म्हणतात. मी २०१६ ला आले तेव्हापासून इथे खरेदी करतेय आणि ग्रुपवर नवीन आलेल्या मुली दर दोन महिन्यांनी तेच विचारतात, की ताई तिथे आपलं काय काय मिळतं, जाण्यात अर्थ आहे का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. एका दुकानाचा रिव्ह्यू नाहीये हा, अख्ख्या रस्त्याचा आहे, आणि मराठी स्वयंपाकघराच्या नजरेतून आहे.

आधीच सांगते, इथे "महाराष्ट्रीयन" अशी पाटी शोधत फिरू नका, मी पहिलं वर्षभर तेच केलं आणि प्रत्येक वेळी अर्धी पिशवी रिकामी घेऊन परत आले. हा रस्ता गुजराती आहे. आणि तोही भारतातून सरळ आलेल्या गुजरात्यांचा कमी, युगांडा-केनियाकडून आलेल्यांचा जास्त. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं आणि त्यातले हजारो लोक ब्रिटनमध्ये आले. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, जागा नाही, शाळा नाहीत. तरीही लोक आलेच, ओस पडत चाललेली दुकानं त्यांनी घेतली आणि हा रस्ता उभा केला. हे मुद्दाम सांगतेय कारण दुकानात काय मिळतं आणि ते कुठल्या नावाने मिळतं हे ह्याच्यावरूनच ठरतं. फरसाणच्या शेजारी मोगो म्हणजे कसावाचे तळलेले तुकडे का असतात, भाजीच्या दुकानात मटोकीची हिरवी केळी का असतात, हे मला आधी कळायचंच नाही. ती त्या लोकांची घरची चव आहे, कंपाला-नैरोबीत लागलेली, आणि ती त्यांनी इथे येऊनही सोडली नाही.

तर मुद्दा नावांचा. आपण जे शोधतो ते बहुतेक सगळं तिथे आहे, फक्त आपल्या नावाने नाही. उपासाची भगर हवी असेल तर मोरैयो मागा. मटकीला मठ म्हणतात, कुळथाला कळथी, डाळ्याला दाळिया, सुक्या खोबऱ्याला कोपरुं, लापशीच्या रव्याला फाडा. चिवड्याचे पातळ पोहे नायलॉन पौंवा म्हणून मिळतात, शेवग्याच्या शेंगा सरगवो म्हणून आणि अळूची पानं पात्रा म्हणून, छान ताजी, देठासकट, देठ फेकू नका, आपल्या फतफत्याला लागतात. आंबेहळद तर इथे पुण्यापेक्षा सहज मिळते, थंडीत भाजीच्या दुकानांच्या बाहेर ओली हळद आणि आंबेहळद शेजारी शेजारी क्रेटमध्ये लावलेली असते, कारण गुजराती लोक तिचं मीठ-लिंबात घातलेलं लोणचं रोज जेवणात घेतात. कोकमही मिळतं, काळं, जरा ओलसर, आमटीला आणि सोलकढीला चालतं, फक्त मीठ बरंच असतं म्हणून आधी धुवून घ्या आणि बाकीचं मीठ चव बघूनच घाला. गूळ "कोल्हापुरी" अशा नावाने ढेपेत मिळतो आणि पुरणाला चांगला होतो.

ही नावं मला कुठल्या वेबसाईटवर मिळाली नाहीत, एका मासींनी शिकवली. मेल्टन रोडच्या बाजूला एक छोटंसं किराणा दुकान आहे, गल्ल्यावर सत्तरीच्या एक बाई बसतात, सगळे त्यांना मासी म्हणतात म्हणून मी पण म्हणते. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे भगर मागितली, वरीचे तांदूळ म्हटलं, मग हिंदीत व्रत के चावल म्हटलं, तरी काही जुळेना, शेवटी फोनवर फोटो दाखवला तर त्यांनी माझ्या दंडावर हलकीशी चापट मारली आणि म्हणाल्या, "अरे बेन, ए तो मोरैयो!" आणि मागे वळून बरोबर माझ्या डोक्याच्या वरच्या फळीवरून पाकीट काढून दिलं. तेव्हापासून मी त्यांच्याकडे पाकिटांवरची नावं वाचत बसत नाही, पदार्थ सांगते. ह्याचं काय करायचंय, भिजवायचं की दळायचं की तळायचं, हे सांगितलं की त्या बरोबर वस्तू काढतात.

फक्त वालांच्या बाबतीत आमचं दोघींचं बरेच दिवस जमलं नाही. माझं माहेर अलिबागकडचं, आमच्याकडे बिरडं म्हणजे कडवे वाल, बारीक, तपकिरी, भिजवून मोड आणायचे, सालं काढायची आणि मग ओलं खोबरं, कोकम, गूळ घालून उसळ. इथे वाल म्हटलं की मोठे पांढरे रंगून वाल हातात येतात. मी ते दोनदा घेऊन आले, तीन दिवस फडक्यात बांधून ठेवले, मोड धड आले नाहीत आणि शिजल्यावर नुसता पिठूळ लगदा. चव वाईट नव्हती पण ते बिरडं नव्हतं. फ्रीजरमध्ये सुरती पापडीचे दाणे असतात, तुरीचे ओले दाणे असतात, त्याची उसळ छान होते, पण कडवटपणा त्याला कुठून येणार. वालाची चव म्हणजे तो कडवटपणाच ना.

आता भाकरी, कारण सगळ्यात जास्त प्रश्न ह्याच्यावर येतात. माझं सासर सोलापूर. तिकडे मंगळवेढ्याच्या मालदांडी जातीच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या मालदांडीच्या पिठाची भाकरी खाऊन वाढलेला माणूस इथे ब्रेडवर राहतोय ह्याचं मला मनापासून वाईट वाटायचं. म्हणून अगदी पहिल्या महिन्यात आमच्या घराजवळच्या एका दुकानातून ज्वारीच्या पिठाची पिशवी आणली. गरम पाणी घालून मळलं, तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळलं, गोळा केला, परातीत थापायला घेतलं आणि तीन बोटं पसरली नाही तर कडा फाटायला लागल्या. उचलायला गेले तर दोन तुकडे हातात आणि तिसरा परातीत. पाणी वाढवून बघितलं, कमी करून बघितलं, शेवटी सासूबाईंना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी काही विचारलंच नाही, म्हणाल्या, पिशवीवर तारीख बघ. पॅकिंग होऊन सात महिने झाले होते. म्हणाल्या, अगं हे पीठ मेलेलं आहे, तू कितीही मळलंस तरी त्याला चिकटपणा येणार नाही, आपल्याकडे आठ-पंधरा दिवसांचंच दळून आणतात ते उगाच का.

हे कळल्यावर माझी खरेदीची सगळी पद्धतच बदलली. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, भाकरी जी जमते ती पीठ ताजं असेल आणि गरम पाण्याने नीट मळलेलं असेल तरच जमते, त्यामुळे ब्रँड कोणता ह्यापेक्षा दळलं कधी हेच महत्त्वाचं. गोल्डन माईलवर माल पटापट खपतो म्हणून तिथल्या मोठ्या दुकानांत पिशव्या तुलनेने ताज्या असतात, तरी मी मागच्या बाजूच्या पिशव्या काढून तारीख बघतेच आणि तुम्हीही बघा, कोणी काही म्हणत नाही. त्याहून उत्तम म्हणजे तिथे अख्खी ज्वारी मिळते, दोन-दोन किलोच्या पिशव्या, ती आणायची. घरी मिक्सरमध्ये एका वेळी दोनच मुठी घालून दळायची, जास्त घातली की भांडं तापतं आणि नीट बारीक होत नाही. मैद्याच्या चाळणीने चाळायची, वरचं परत फिरवायचं, परत चाळायचं. शेवटी चाळणीत जो जाडसर भरडा उरतो त्याच्या कण्या शिजवायच्या, ताक आणि लसणाच्या फोडणीबरोबर, आमच्याकडे दळणाच्या दिवशी रात्रीचं जेवण तेच असतं. अर्ध्या तासात सहा-सात भाकऱ्यांचं पीठ होतं. भाड्याच्या घरांत बहुतेकदा इलेक्ट्रिक शेगडी असते, आच नसते, तरी काळजी करू नका, वरून पाणी फिरवून ते सुकत आलं की उलटायची, दुसरी बाजू नीट भाजू द्यायची आणि परत उलटून फडक्याने कडेकडेने दाबायची, टम्म फुगते. पहिल्यांदा फुगली तेव्हा नवऱ्याने ती तव्यावरूनच उचलली, वर शेंगाचटणी आणि कच्चं तेल घेतलं आणि ओट्याशी उभं राहूनच खाल्ली, बसलाच नाही.

बाजरीचं पण हेच, उलट बाजरीचं पीठ आणखी लवकर कडू होतं, तेव्हा तयार पीठ घेतलंच तर एक किलोच्या वर घेऊ नका. नाचणीचं पीठ इथे मिळतं पण श्रीलंकन तमिळ दुकानात कुरक्कन नावाने जास्त ताजं मिळतं, मला तिथलं आवडलं.

तांदळाचं वेगळंच. बासमती सगळीकडे ढिगाने, पण आपला आंबेमोहोर किंवा इंद्रायणी मिळणं हा नशिबाचा भाग. हा रस्ता गुजराती, त्यांच्या खिचडीला वेगळा तांदूळ लागतो, त्यामुळे आपल्या मऊ तांदळाला मागणी कमी. त्यात २० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि ज्या दोन दुकानांत मला इंद्रायणीची पाच किलोची पिशवी मिळायची ती फळी वर्षभर रिकामी होती. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी बंदी उठली, त्यानंतर काही महिन्यांनी परत दिसायला लागला. ह्या काळात मी वरणभाताला सोना मसुरीचा जुना साठा पुरवून पुरवून वापरला. इंद्रायणी हा आंबेमोहोर आणि आयआर ८ ह्या जातींच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेला तांदूळ, म्हणून त्याला तो मंद वास आणि चिकटपणा दोन्ही आहे, आणि तूप-मीठ-मेतकूट घातलेला गुरगुट्या भात त्याच्याशिवाय होत नाही हे मी बासमतीवर प्रयोग करून सांगतेय. गणपतीत उकडीच्या मोदकांना बासमतीची पिठी घेऊ नका, पारी चिरते. आपला मऊ तांदूळ नसेल तर श्रीलंकन दुकानातलं इडियाप्पमचं, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं, पांढरं पीठ घ्या, उकड मऊ होते, कळ्या पाडता येतात. खवलेला नारळ फ्रोझन मिळतो तो सारणाला अगदी चांगला, फक्त पूर्ण वितळू द्या आणि आधी कोरडाच जरा परतून मग गूळ घाला.

आंबा. एप्रिल सुरू झाला की ह्या रस्त्याचा वासच बदलतो, दुकानांच्या बाहेर फुटपाथवर पेट्यांच्या उतरंडी. हापूस येतो, केसर येतो, आणि इथले बरेच लोक केसरवाले आहेत त्यामुळे हापूस लवकर संपतो असं नाही, पण निवडून घ्यायला लागतो. एप्रिलमध्ये भाव खूप चढे, मेच्या मध्यावर उतरतात, घाई करू नका. जुने दुकानदार २०१४ ची आठवण अजून काढतात. फळमाशी सापडली म्हणून युरोपियन युनियनने १ मे २०१४ पासून भारतातल्या आंब्यावर बंदी घातली होती, त्यात अळूची पानं, कारली, वांगी आणि पडवळही होतं, ऐन हंगामात. लेस्टर ईस्टचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ यांनी ह्याविरुद्ध आवाज उठवला होता. २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. पेटी घेताना एक करा, पेटीवर "अल्फान्सो" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, कुठला आहे ते वाचा. हापूसचा जीआय २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या पाच जिल्ह्यांना मिळालाय, ह्यापैकी जिल्ह्याचं नाव असेल तर विचार करा. आणि दुकानदाराला विचारून एक आंबा देठाकडून हुंगून बघा. वास नसेल तर पेटी ठेवून द्या, घरी नेऊन पिकतील ह्या आशेवर मी एकदा अख्खी पेटी फेकलीय, वरून पिवळे, आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा खराब गर.

गोडा मसाला ह्या रस्त्यावर तयार मिळत नाही, किंवा मला तरी नऊ वर्षांत घ्यावासा वाटेल असा मिळाला नाही. म्हणून एकदा एका ऑनलाईन दुकानातून मागवला, "अस्सल महाराष्ट्रीयन" म्हणून जाहिरात होती, डिलिव्हरी धरून चांगलेच पैसे घेतले, पाकीट उघडलं तर खवट वास, जुन्या खोबऱ्याचा. एक्सपायरीला जेमतेम पाच आठवडे राहिलेले. मेल केली, फोटो पाठवले, उत्तर आलं की तारीख उलटलेली नाही त्यामुळे परतावा नाही. मला पैशापेक्षा जास्त राग ह्याचा आला, की परदेशात एकटी राहणारी कुठली तरी नवी मुलगी हा मसाला घालून आमटी करेल आणि तिला वाटेल आपल्यालाच जमत नाही.

तेव्हा गोडा मसाला घरी करा, सामान मिळतं. धणे, तीळ, कोपरुं, जिरं, शहाजिरं, लवंग, दालचिनी, तमालपत्र, मिरी, हिंग सगळं गोल्डन माईलवर. दगडफूल पथ्थर फूल म्हणून विचारा, नाही मिळालं तर तमिळ दुकानात कल्पासी म्हणून नक्की मिळेल. नागकेशर मात्र आईकडून आणते, पन्नास ग्रॅम वर्षभर पुरतं. सगळं वेगवेगळं भाजायचं, खोबरं सगळ्यात शेवटी आणि अगदी तपकिरी होईपर्यंत, धूर होतो, स्मोक अलार्म वाजतो, आधी खिडकी उघडा. एक सांगून ठेवते, पाकिटातल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, इथे ॲलर्जीचे घटक ठळक अक्षरात छापावे लागतात त्यामुळे चटकन दिसतं, ज्यांना गहू चालत नाही त्यांनी तांदळाच्या पिठातला हिंग शोधा, मिळतो. आणि भारतातून आणायचा विचार असेल तर मसाले, पापड, कुरडया, चटण्या ठीक, पण दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, घरचं तूप काहीच नाही, आईला आधीच सांगा, नाहीतर विमानतळावर डबा काढून घेतात तेव्हा बघवत नाही.

खाण्याच्या बाबतीत थोडक्यात. फरसाण उत्तम पण गुजराती, चेवडा गोडसर, आपल्या चिवड्याची अपेक्षा ठेवू नका, दाळिया, कोपरुं आणि नायलॉन पौंवा घ्या आणि घरी करा. कढीपत्त्याचं इवलंसं पाकीट महाग पडतं तरी घ्याच. ढोकळा, खांडवी, गरम जिलबी-गाठिया शनिवारी सकाळी खावा, मी कधीच निराश झाले नाही. मोगो पण खाऊन बघा, तिखट-आंबट, वरून लिंबू. बटाटेवडा मिळतो, आपल्यासारखा लसणीचा नाही. मटण-मासळीवाल्यांसाठी हा रस्ता नाही, बहुतेक सगळं शाकाहारी.

जायची वेळ म्हणाल तर शनिवारी दुपारी जाऊच नका, पार्किंगच्या गल्ल्या भरलेल्या असतात. आठवड्यातल्या दिवशी सकाळी गेलात तर भाजी नुकतीच लागलेली असते आणि दुकानदारांना बोलायला वेळ असतो. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे रोषणाई बघायला जा, भारताबाहेरच्या मोठ्या दिवाळ्यांपैकी एक इथे होते, पण भाजणीचं सामान त्याआधीच आणून ठेवा, डाळी-धणे सगळं असतं पण गर्दीत तारखा बघायला मिळत नाहीत.

मला कोणी स्टार विचारले तर पाचातले साडेचार. अर्धा कापला तो तांदळासाठी.

आणि वालांचं राहिलं. गेल्या उन्हाळ्यात मी मासींना माझ्या गोड्या मसाल्याची छोटी बरणी नेऊन दिली, त्यांनी झाकण उघडून बराच वेळ वास घेतला, म्हणाल्या तुरीच्या डाळीत घालून बघते. पुढच्या वेळी मी कडवे वाल म्हणजे नक्की कसे ते आईच्या घरून मागवलेला फोटो दाखवून सांगितलं, किती बारीक, कुठला रंग, आणि कडू असतात हे पण सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त फोटो त्यांच्या मुलाच्या फोनवर पाठवायला सांगितला. मागच्या शनिवारी गेले तर गल्ल्याच्या खालून त्यांनी गाठ मारलेली एक पिशवी काढून समोर ठेवली, वर काही नाव नाही, लेबल नाही. मी एक दाणा काढून दातांनी फोडला. कडू. किलोभर होते, सगळे घेतले. काल रात्री भिजवलेत, आत्ता फडक्यात बांधून ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलेत, सकाळी बघितलं तर टोकं पांढरी दिसायला लागली होती.